विहिरीचा गट

चावडीच्या भिंतीवर यादी लागली चोवीस जानेवारीला सकाळी, आणि अभिमन आबांच्या घरात ती पोहोचली दुपारी, रहिमाबीच्या बांगड्यांच्या टोपलीबरोबर. मधल्या वेळात घरातल्या एकाही पुरुषाने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. लीलाधर दोनदा चावडीवर जाऊन आला आणि दोन्ही वेळा तांब्याभर पाणी प्यायला. ताईबाईने विचारलं, "काय व्हयनं?" तर म्हणे, "काही नही, ऊन शे." जानेवारीत ऊन. नवऱ्याची थाप ओळखायला ताईबाईला पंचवीस वर्षांचा संसार पुरेसा होता, पण थापेच्या पोटात काय आहे ते सांगायला एरंडोलहून बांगडीवालीच यावी लागली.

रहिमाबीने तिचा हात गुडघ्यावर घेतला, बोटं दाबून हात सैल केला आणि पहिली बांगडी चढवता चढवता म्हणाली, "ताईबाई, तुम्ही तर मोठ्या बागाइतदार निघाल्या."

"कशी काय वं?"

"नाव लागलंय चावडीवर. ताईबाई लीलाधर बोरसे. ठिबकचं अनुदान सरकारने दिलं म्हणे तुम्हाला. माझ्या कादरने वाचलं. तो तर चक्रावून गेला. म्हणतो, अम्मी, त्या बागेत पाईप मीच बसवले, पण ताईबाईचं वावर कोणतं ते मलाच ठाऊक नाही."

ताईबाईच्या हातातली बांगडी तडकली. रहिमाबीने काच बाजूला केली आणि ओट्याच्या कोपऱ्यात तुरी निवडत बसलेल्या वच्छलाकडे हनुवटी केली. "हिचंही नाव आहे. हिच्या नावापुढे तर विहीरपण लिहिली आहे."

वच्छलाचा हात सुपात थांबला. नवरा मगन गेल्यापासून सहा वर्षं रहिमाबीने तिचं मनगट धरलं नव्हतं, पण दर खेपेला सुयांची एक पुडी तिच्यासमोर ठेवायला ती विसरत नसे. आजही तिने पुडी ठेवली, टोपली डोक्यावर घेतली आणि दोन जावांना एकमेकींची तोंडं बघत सोडून ती पुढच्या घरी गेली.

"वच्छला," ताईबाई म्हणाली, "तू कधी सही करेल व्हती का?"

"अक्का, तुम्ही बी व्हत्याच ना सोबत. अमळनेरले. रेशनकार्डनी सही, अशे सांगं व्हतं भाऊंनी."

"माले तर मतदारयादीनी सांगं व्हतं."

दोघींना तो दिवस आठवला. तीन वर्षांपूर्वी लीलाधरने दोघींना एसटीत बसवून अमळनेरला नेलं होतं, कुठल्याशा कचेरीत चार कागदांवर सह्या घेतल्या होत्या आणि स्टँडवर भेळभत्ता खाऊ घातला होता. लग्नानंतर नवऱ्याने बाहेर काही खाऊ घालण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून ताईबाईने तो दिवस मनात जपून ठेवला होता. आता त्या भेळभत्त्याची चव पार बिघडली.

"भेळभत्त्यावर इकाई गयूत आपण," ती म्हणाली, आणि वच्छलाला हसू आलं. ताईबाईही हसली. मग दोघींना एकदमच आठवलं की वच्छलाची पत्र्याची पेटी आतल्या खोलीत बांधून तयार आहे, आणि सत्तावीस तारखेला तिचा भाऊ छगन तिला आणि तिच्या इंदूला धुळ्याला न्यायला येणार आहे. वच्छलाने सूप पुन्हा जवळ ओढलं.

पेटी बांधायला लावली होती ताईबाईनेच. थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं, सुनेला खोली हवी होती, आणि दिवाळीत एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली होती, "तिनं आठे काय शे? माहेरी ऱ्हाई." त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. छगनची धुळ्यात रिक्षा होती आणि देवपुरात दीड खोली, पण तो बहिणीला नाही म्हणाला नव्हता. त्याची बायको काय म्हणाली ते कोणी विचारलं नाही. वच्छलाने विचारलं होतं फक्त एवढंच, की इंदूची सहावीची परीक्षा होईपर्यंत थांबू का. तेही ताईबाईमार्फत, कारण या घरात जेठ, म्हणजे थोरला दीर, भावजयीशी बोलत नाही. तेरा वर्षांत लीलाधरने वच्छलाला उद्देशून एक शब्द काढलेला नव्हता. सांगायचं असेल ते बायकोला सांगायचं, बायको नसली तर गोठ्यातल्या म्हशीला सांगायचं, आणि वच्छलाने पलीकडून ऐकायचं. परीक्षेच्या प्रश्नाचं उत्तर त्याने म्हशीला दिलं होतं: धुळ्यात काय शाळा नाहीत?

*

पंचवीस तारखेला आबांचा धाकटा मुलगा तोताराम धुळ्याहून आला. तो तिथे एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून होता, त्यामुळे घरात सरकारी कागदाचा अर्थ लावायचं काम त्याच्याकडे असे. पारोळ्याला गाडी बदलून, धूळ खात आलेला माणूस चहा न घेता थेट म्हणाला, "आबा, उताऱ्यांचं बोचकं काढा."

आबांनी काढलं. सातबाराचे पाच उतारे ओट्यावर पसरले, त्यांवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून अडकित्ता, तांब्या आणि लीलाधरची चप्पल ठेवली, आणि बापलेक तिघं त्यांच्याभोवती उकिडवे बसले.

भानगड तशी सरळ होती. चोवीस एकर एकाच्या नावावर असली की सरकार तुम्हाला मोठा शेतकरी म्हणतं आणि ठिबकच्या संचाला अगदी थोडं अनुदान देतं. पाच एकराच्या आतल्याला निम्मी किंमत देतं. मग काय, लीलाधरने चोवीसाचे पाच भाग केले, कोणता तुकडा कोणाला ते आबांनी ठरवलं. आबा, लीलाधर, ताईबाई, तोताराम आणि मगनची बायको. वाटणी कागदावर झाली, बांध एकही हलला नाही, चूल एकच राहिली, लिंबाची बाग एकच राहिली आणि तिच्यात कादरने सलग पाईप अंथरले. सगळं सुरळीत होतं. तीन वर्षं कोणाला काही आठवलंसुद्धा नाही. पण तालुक्याला नवे विस्तार अधिकारी आले, त्यांच्याकडे गावातल्या चिंधाने अर्ज केला की या गावात अनुदान कोणाला मिळालं ते गावाला कळू द्या, आणि साहेबांना ते पटलं. यादी चावडीवर लावायची, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत वाचायची, ज्याचं नाव येईल त्याने स्वतः उभं राहून मिळालं की नाही ते सांगायचं. नाही म्हणेल त्याच्या नावची रक्कम वसूल, आणि वर फौजदारी.

"चिंध्याले काय कराना शे?" आबा म्हणाले. "त्याना बापनी कधी इतली चौकशी करी का?"

"त्याचा अर्ज बाद झाला होता आबा," तोताराम म्हणाला. "त्याची खरीच अडीच एकर आहे. त्याला सांगितलं, यंदाचे पैसे संपले. संपले कुठे ते त्याने विचारलं. विचारणारच."

"तू त्यानाकडथीन का मनाकडथीन?" लीलाधरने विचारलं.

"मी कागदाकडून आहे. बोल, तुझा गट कोणता?"

लीलाधर उताऱ्यांवर वाकला. चष्मा घरात राहिला होता. "नव्वद."

"नव्वद वहिनींचा आहे. ताईवहिनींचा."

"मंग ब्याण्णव."

"ब्याण्णव माझा. तुझा एक्याण्णव आहे, नाल्याकडचा. उद्या साहेबाने सीमा विचारल्या तर काय सांगशील?"

लीलाधर आणखी खाली वाकला. आयुष्यभर ज्या मातीत तो चालला होता ती अख्खी त्याला पाठ होती, पण तिच्यातला आपला तुकडा कोणता ते त्याला सांगता येईना. त्याने आबांना विचारलं, आबांनी अडकित्त्याखालचा कागद ओढला, तो तोतारामचा निघाला. मग तिघांनी मिळून जमिनीवर काडीने नकाशा काढला, तो दोनदा पुसला, एकदा त्यात नाला उलट्या बाजूला गेला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा शेजारच्या जीवरामच्या बांधाला लागून एक चौकोन उरला. त्यात विहीर होती.

"अठ्ठ्याऐंशी," तोताराम हळूच म्हणाला. "वच्छलावहिनी."

 लीलाधरने बापाकडे बघितलं. चोवीस एकराला पाणी एकाच विहिरीचं होतं, सात परस खोल, मगनने खणलेली.

"आबा, इहीर तिना नाववर कशी गयी?"

आता यावर आबा काय सांगणार होते? कागद करायच्या आदल्या आठवड्यात हाच लीलाधर गोठ्यात त्यांच्यामागे येऊन म्हणाला होता, "आबा, इहीर तोतारामले नका देज्यात, तो इकी टाकी." आणि त्याच रविवारी तोताराम मारुतीच्या पारावर म्हणाला होता, "आबा, विहीर दादाच्या नावावर नको. उद्या मला घोटभर पाणी मिळणार नाही." दोघांना तोंडघशी न पाडता आबांनी विहिरीचा गट मगनच्या बायकोच्या नावे टाकून दिला. तिच्या नावावर म्हणजे कोणाच्याच नावावर नाही, असा त्यांचा हिशोब. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली होती. तिला कळायचं कारणच नव्हतं, कारण तिला सांगणार कोण?

आणि आता भिंतीने सांगितलं होतं.

"तुम्हीच दोन्ही जनं मन्हाकडे उनात व्हतात," आबा एवढंच म्हणाले.

लीलाधर आणि तोताराम यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही सगळं समजलं, त्यामुळे दोघेही जास्तच गोंधळले. रागवायचं कोणावर हेच ठरेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेवटी लीलाधर उठला, चप्पल कागदावरून काढली आणि कागद उडाला, तो धरायला तिघंही धावले.

*

वच्छलाला बोलावलं तेव्हा ती दाराच्या आत उभी राहिली, पदर कपाळापर्यंत. ओट्यावर आबा, खांबाला टेकून तोताराम, आणि लीलाधर तोंड फिरवून अंगणातल्या म्हशीकडे.

"बेटा," आबांनी सुरुवात केली. बेटा त्यांनी मगन गेला त्या दिवशी म्हटलं होतं, त्यानंतर आज. "सकाळ सव्वीस तारीखले ग्रामसभा शे. साहेब तुन्हं नाव ली. तू उभी ऱ्हाय आनि सांग, हो, माले मियनं. बस. इतलंच."

"जास्ती काही बोलू नको म्हना," लीलाधरने म्हशीला सांगितलं. "हो म्हनानं आनि खाले बठानं."

वच्छलाने पदर सावरला. मग तिने विचारलं, "आबा, मी हो सांगसू ते खरं ऱ्हाई का खोटं?"

आबांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी न घेताच तो एकदा दाबला. "कागदवर खरं शे."

"आन वावरमा?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांनी लीलाधरकडे बघितलं, तो म्हशीकडे बघत होता. तोतारामकडे बघितलं, तो नखं बघत होता. आयुष्यात आबांनी पंचायतीत कितीतरी भांडणं सोडवली होती, बैलांच्या जोडीचा दात बघून वय सांगितलं होतं, पण आपण विहीर हिच्या नावावर का टाकली हे त्यांचं त्यांनाच आता नीट सांगता येईना. फक्त दोन पोरांच्या भांडणापायी? की मगनची विहीर मगनच्याच घरी राहावी असं मनात कुठेतरी होतं? तसं असेल तर मग दिवाळीत हिला धुळ्याला पाठवायचं ठरलं तेव्हा आपण गप्प का बसलो? 

"सकाळनं सकाळ दखसूत," ते म्हणाले.

वच्छला आत गेली. तिच्यामागोमाग पाणी प्यायचं निमित्त करून तोताराम आत आला आणि माठापाशी उभा राहून पुटपुटला, "वहिनी, कायद्याने ते तुमचंच आहे. तुम्ही बिनधास्त सांगा, मी आहे पाठीशी. फक्त पुढेमागे माझ्या तुकड्याला पाणी द्यायचं एवढं लक्षात असू द्या." इतक्या वर्षांत तो कधी स्वयंपाकघरात आला नव्हता. वच्छलाने त्याला पेला धुऊन दिला.

तो गेल्यावर ताईबाई आली. ती खूप वेळ डबे इकडचे तिकडे करत होती. तिला बोलायचं होतं पण कोणाच्या बाजूने ते ठरत नव्हतं. वच्छला हो म्हणाली तर ती जमीनवाली होते, मग तिला खोलीतून काढायचं कसं? नाही म्हणाली तर लीलाधरच्या हातात बेड्या. आणि स्वतः ताईबाईच्या नावावर जे काय होतं, ते तरी तिचं होतं का? नव्वद नंबर म्हणजे कोणतं ते अजून कोणी तिला दाखवलंही नव्हतं.

"वच्छला, तू हो सांग बाई," ती शेवटी म्हणाली. "पण मंग जाशी ना धुयाले?"

"अक्का, माले काहीच समजत नही आते," वच्छला म्हणाली, आणि ते खरं होतं.

*

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, ती पळाली, आणि सतरंजीवर पुरुष व मागे व्हरांड्यात बायका बसल्या. एरवी ग्रामसभेला दहा माणसं मिळायची मारामार, पण यादीत कोण कोण आहे ते ऐकायला आज घरटी दोघं आली होती. कादर भिंतीला टेकून उभा होता. विस्तार अधिकारी साताऱ्याकडचे, तरुण, अंगात स्वेटर. त्यांनी एकेक नाव वाचायला घेतलं.

"अभिमन दगडू बोरसे. गट सत्त्याऐंशी."

आबा उठले, हो म्हणाले, बसले.

"लीलाधर अभिमन बोरसे. गट एक्याण्णव."

"हो साहेब, मिळालं."

पुढच्या रांगेतून चिंधा उठला. काटक माणूस, धुवट टोपी. "साहेब, एक इचारू का? लीलाधरभाऊ, तुमना एक्याण्णवनी उगवतीले कोणं वावर शे?"

लीलाधरने घसा खाकरला. काल काढलेला नकाशा त्याला आठवेना, नाला कोणत्या बाजूला होता तेही आठवेना. "जीवरामचं," तो म्हणाला.

सतरंजीवर कोणीतरी खुदकन हसलं. जीवराम स्वतः तिथेच होता आणि डोकं हलवत होता. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लीलाधरचे कान लाल झाले आणि तो बसला, ते बसणं सगळ्या गावाने पाहिलं.

ताईबाईचं नाव आलं. ती व्हरांड्यातून उठली, "हो" म्हणाली, आणि चिंधाने काही विचारायच्या आत खाली बसून तिने तोंडावर पदर ओढला. तोताराम उठला आणि सहा वाक्यांत हो म्हणाला. साहेबांनी पुन्हा काहीतरी लिहिलं. आबांना कळून चुकलं की बोरश्यांचं आता खरं नाही. लीलाधरला डोळ्यांसमोर फौजदार दिसायला लागला.

"वच्छलाबाई मगन बोरसे. गट अठ्ठ्याऐंशी. विहीर एक."

वच्छला उभी राहिली. खांबाला धरून, पदर कपाळापर्यंत. या गावात तेरा वर्षं राहून तिचा आवाज ऐकलेली माणसं ओंजळीत मावतील एवढी होती.

"बाई, तुम्हाला संच मिळाला का?" साहेबांनी विचारलं.

तिने खांब आणखी घट्ट धरला. कादर भिंतीपासून सरळ झाला. आबांनी डोळे मिटून घेतले.

"मी इचारस," चिंधा म्हणाला. त्याच्या आवाजात वच्छलाबद्दल राग नव्हता. त्याला बोरश्यांचं खोटं उघडं पाडायचं होतं, आणि ही बाई त्यातला सगळ्यात कच्चा दोर आहे असा त्याचा अंदाज होता. "वच्छलाबाई, घाबरू नको. तुले जे ठाऊक शे ते सांग. अठ्ठ्याऐंशीना चारी बाजूले काय शे?"

वच्छलाने मान वर केली. इतका वेळ तिच्या डोक्यात नुसता गुंता होता. खरं की खोटं, जायचं की राहायचं, कागद की वावर. आणि या माणसाने तिला एकदम असं काही विचारलं होतं की जे तिला झोपेतही आलं असतं. अठ्ठ्याऐंशी नंबर तिला माहीत नव्हता. पण विहिरीचं वावर म्हटलं की बस.

"उगवतीले जीवरामभाऊना बांध," ती म्हणाली. "त्यावर दोन बाभुई, एकले वीज लागेल शे. मावयतीले आमना आबानं वावर, मधमा दगडनी रचेल ताल. खाले नाला. वरे गाडवाट, तठे पावसायामा गाडी फसस." पहिल्या वाक्याला आवाज कापत होता, चौथ्याला नव्हता. "लिंबूना एकशे चाळीस झाडं. त्यामातलं नाल्याकडलं सतरा मी लायेल शेत, बाकीना मन्हा मालकनी. वर्षभरमा नऊ मरनात."

जीवराम म्हणाला, "बरोबर. वीज लागेल बाभूय, बरोबर."

"आणि विहीर?" चिंधाने विचारलं, पण त्याचा आवाज आता खाली आला होता.

"सात परस. सहाव्या परसले पानी लागनं. मुरूम मी वाहेल शे, डोकावर, दोन उन्हाये. दुसरा उन्हायाले इंदू पोटमा व्हती." ती थांबली. "त्याच इहीरवर मन्हा मालक गया. मोटारना शॉक लागना. ते बठ्ठा गावले ठाऊक शे."

 साताऱ्याकडच्या साहेबांना बोली अर्धीच कळली असावी, पण त्यांनी लेखणी खाली ठेवली होती.

"म्हणजे बाई, संच तुम्हाला मिळाला?"

वच्छलाने सतरंजीवरच्या आबांच्या पागोट्याकडे बघितलं. लीलाधरची पाठ बघितली, ती वाकली होती. आणि तिला कालच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, जे आबांना देता आलं नव्हतं.

"हो साहेब," ती म्हणाली. "वावर मन्हं शे. इहीर मन्ही शे. पाईप बी माले मियनात."

"भाऊंनी, आबांनी, अक्कांनी सांगं ते बी बरोबर शे का?" चिंधाने शेवटचा प्रयत्न केला.

"त्यासनं त्यासले इचारा," वच्छला म्हणाली. "मी मन्हं सांगं."

साहेब कागदावर बघत राहिले. मग म्हणाले की अठ्ठ्याऐंशी बिनतक्रार, आणि बोरसे कुटुंबाच्या बाकी चार गटांची भूमापकामार्फत मोजणी होईल. चिंधाचा अर्ज या वर्षीच्या यादीत पहिला घेऊ, हेही त्यांनी सर्वांसमोर सांगितलं. चिंधा टोपी काढून डोकं खाजवत बसला. आपण जिंकलो की हरलो, ते त्याला कळत नव्हतं.

"साहेब," व्हरांड्यातून पुन्हा आवाज आला. वच्छला अजून उभीच होती. "मन्हं नाव लिखेल शे, तो कागद माले मियी का?"

"मिळेल की. यादी सगळ्यांसाठीच आहे. नक्कल कोणालाही मिळते."

"मंग एक द्या."

त्यांनी हातातलीच एक प्रत दिली. वच्छलाने ती चार घड्या करून पोलक्यात ठेवली आणि मग कुठे ती खाली बसली. शेजारी ताईबाई होती. ती पुटपुटली, "वच्छला, मन्हं नव्वद कोणतं वं?"

"गाडवाटपल्याड, अक्का. बोरीनं झाड शे ते. सांजले दखाडसू."

*

सत्तावीस तारखेला छगन धुळ्याहून आला, ओट्यावर बसला, चहा प्यायला, आणि कोणीच काही बोलत नाही म्हणून परत जायच्या गाडीची वेळ विचारू लागला. पेटी खोलीत बांधलेली तशीच होती. आबा म्हणाले, वच्छला वावरात आहे. तोताराम म्हणाला, कायद्याने बघितलं तर. ताईबाई म्हणाली, जेवून जा. इंदू शाळेत गेली होती. छगनने तीन वेळा विचारलं की बहिणीला न्यायचं आहे का नाही, आणि तीन वेळा त्याला वेगळं उत्तर मिळालं.

लीलाधर घरात थांबला नव्हता. रात्रभर त्याला झोप नव्हती. मोजणीत आता काय होईल, अनुदान परत भरावं लागेल का, तोताराम उद्याच खरी वाटणी मागेल का, आणि पोराच्या सासरचे लोक काय म्हणतील, हे सगळं त्याच्या डोक्यात एकात एक अडकलं होतं. पण सत्तावीस तारीख असो की आणखी काही, लिंबाला पाण्याची पाळी होती. झाडाला काय ठाऊक ग्रामसभा.

तो विहिरीवर पोहोचला तेव्हा मोटारीच्या खोलीचं दार उघडं होतं. वच्छला विहिरीच्या काठावर बसून कादरने बसवलेल्या गाळणीची जाळी काढून धूत होती. शेजारी फडक्यात भाकरी बांधलेली होती, म्हणजे ती दिवसभरासाठी आली होती.

लीलाधर थबकला. सवयीने त्याने इकडे तिकडे बघितलं. ताईबाई घरी होती. म्हैस गोठ्यात होती. बांधावर माणूस नव्हतं, जीवरामच्या वावरातही कोणी नव्हतं. ज्याच्याआडून बोलावं असं तिथे काहीच नव्हतं. त्याने लिंबाच्या झाडाकडे तोंड करून पाहिलं, ओठ हलवले, पण झाडाला म्हणायचं तरी काय?

वीज दहाला येणार होती आणि दुपारनंतर जाणार होती. दहाला पाच मिनिटं कमी होती. पाच मिनिटं तो तसाच उभा राहिला. वच्छला जाळी धूत राहिली. मग खोलीतला दिवा पिवळा पेटला.

"वच्छलाबाई," लीलाधर म्हणाला. यादीत होतं तसंच, कारण तिला दुसरं काय म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "एक्याण्णवले पानी सोडू का?"

वच्छलाने पदर पुढे ओढला. जाळी गाळणीत बसवली, झाकण फिरवून घट्ट केलं, ओले हात लुगड्याला पुसले आणि सगळं नीट झालं का ते पुन्हा एकदा बघितलं.

"सोडा भाऊ," ती म्हणाली. "बारा वाजालगून. मंग माले लागी."